रिकाम्या टाकीचं भय

‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ हे नाव ऐकूनच अनेक चोखंदळ प्रेक्षक या चित्रपटाच्या वाटेला जात नाहीत. नावातच करवत आहे, कत्तल आहे. आत आणखी काय असणार, असं त्यांना वाटतं. टोबी हूपर यांनी दिग्दर्शित केलेला हा ८३ मिनिटांचा अमेरिकी चित्रपट १९७४ मध्ये प्रदर्शित झाला आणि रक्तपातासाठी बदनाम झाला. प्रत्यक्षात त्यात रक्त फार थोडं दिसतं. करवतीनं माणूस मारल्याचा प्रसंग संपूर्ण चित्रपटात एकदाच येतो, तोही मिट्ट अंधारात. मग पाच दशकं हा चित्रपट माणसांना का घाबरवतो आहे?

मला त्याचं उत्तर एका साध्या गोष्टीत सापडतं. या चित्रपटात प्रत्येकाचं काही ना काही संपलेलं आहे. पंपावरचं पेट्रोल संपलं आहे, डोहाचं पाणी आटलं आहे, कसाईखान्यातली कामं गेली आहेत, रात्री शोधायला निघालेल्या भावाबहिणीत मिळून एकच बॅटरी आहे. ज्यांनी हा चित्रपट केला त्यांच्याकडेही पैसा, वेळ आणि साधनं पुरेशी नव्हती. टंचाई हाच त्याचा विषय, तीच त्याची सामग्री आणि तीच त्याची शैली. आडरानात अडकलेल्या प्रवाशांवर नंतर कमी खर्चाचे कितीतरी स्लॅशर चित्रपट निघाले. पण या तिन्ही गोष्टी इतक्या एकजीव झालेल्या मला दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात दिसल्या नाहीत.

कथा थोडक्यात सांगता येते. तारीख आहे १८ ऑगस्ट १९७३. सॅली, तिचा व्हीलचेअरवरचा भाऊ फ्रँकलिन आणि त्यांचे तीन मित्रमैत्रिणी एका व्हॅनमधून टेक्सासच्या ग्रामीण भागात निघाले आहेत. तिथल्या कब्रस्तानात कुणीतरी थडगी उकरली आहेत. आजोबांचं थडगं शाबूत आहे ना, हे पाहायला सॅली आणि फ्रँकलिन आले आहेत. तिथून आजोबांच्या पडक्या घराकडे जाताना ते वाटेतल्या एका विचित्र तरुणाला गाडीत घेतात. पुढे पंपावर पेट्रोल मिळत नाही. जुन्या घराशेजारी दुसरं एक घर आहे. तिथे जो जातो तो परत येत नाही.

सुरुवातीला एक निवेदक गंभीर आवाजात सांगतो की ही घडलेली शोकांतिका आहे. तशी घटना कधी घडली नव्हती. हूपर आणि सहलेखक किम हेंकेल यांच्यासमोर होता विस्कॉन्सिनचा एड गीन. हा माणूस १९५७ मध्ये पकडला गेला तेव्हा उकरलेल्या थडग्यांमधल्या प्रेतांच्या कातडीचे मुखवटे त्याच्या घरात सापडले. त्याच्या हकिगतीत टेक्सास नव्हतं आणि करवतही नव्हती. हिचकॉक यांच्या ‘सायको’च्या मुळाशीही हाच माणूस होता. हूपर यांनी ती हकिगत आपल्या मुलखात आणली आणि तिला एक कुटुंब दिलं. एकट्या विकृत माणसाच्या जागी त्यांनी एक घर बसवलं, हा त्यांचा पहिला मोठा निर्णय. एकटा माणूस वेडा म्हणून बाजूला सारता येतो. घर म्हटलं की रीत आली, कामाची वाटणी आली, जेवणाची वेळ आली.

पहिली दोन-तीन मिनिटं नीट पाहण्यासारखी आहेत. पडदा काळा. खरवडल्याचा, उकरल्याचा आवाज. मग कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा कर्णकटू चिरका सूर आणि त्या क्षणापुरता उजळलेला सडलेल्या हाताचा तुकडा. पुन्हा काळोख. पुन्हा तो सूर, पुन्हा एक तुकडा. काय पाहतो आहोत हे कळायच्या आत ते नाहीसं होतं. मग एकदम लख्ख सकाळ. थडग्याच्या दगडावर रचून ठेवलेली कुजकी प्रेतं, मागे रेडिओवरच्या बातम्यांचा संथ आवाज. त्यानंतर तांबड्या-पिवळ्या सूर्याच्या ज्वाळा आणि रस्त्यावर मरून पडलेला आर्माडिलो. चित्रपटाचा नियम इथेच ठरतो. काळोखात थोडंथोडकं दाखवायचं आणि उजेडात सगळं उघडं टाकायचं. भयपटात आपण सूर्य उगवण्याची वाट पाहतो, कारण सूर्य म्हणजे सुटका. इथे सूर्यच भाजून काढतो.

तो सूर्य खराच होता. चित्रण १९७३ च्या उन्हाळ्यात, ऑस्टिनजवळच्या राउंड रॉकच्या परिसरात झालं. पारा ३८ अंशांच्या वर, आठवड्याचे सातही दिवस काम, दिवसाला बारा ते सोळा तास. खर्चाचे आकडे वेगवेगळे दिले जातात. पण सगळा व्यवहार दीड लाख डॉलरच्या आसपास आटोपला. विशीतल्या डॅनिएल पर्ल यांनी १६ मिलिमीटर फिल्मवर छायाचित्रण केलं आणि नंतर ती प्रत ३५ मिलिमीटरवर मोठी केली. त्या मोठं करण्यातून चित्रावर जाडसर दाणा आला. स्वस्त, मंद फिल्मला भरपूर प्रकाश लागतो, म्हणून उन्हात चित्रित करणं सोयीचंच होतं. आज आपण पाहतो तेव्हा वाळलेलं पिवळं गवत, पांढरं पडलेलं आकाश आणि घामेजलेल्या गळ्यांवरची चमक हे सगळं बातमीपटासारखं खरं वाटतं. निवेदकाचा ‘ही सत्यघटना आहे’ हा दावा शब्दांनी पटत नाही. तो या दाण्यानं पटतो.

आता पंपाचा प्रसंग. व्हॅन येऊन थांबते. एक म्हातारा बाहेर येतो, तोंडावर कसनुसं हसू. टाकी रिकामी आहे, टँकर आला नाही, संध्याकाळपर्यंत येईल किंवा उद्या सकाळी, असं तो सांगतो. सूर शेजाऱ्याचा आहे. लोकांच्या घरांमध्ये उगाच डोकावत फिरू नका, असा सल्लाही देतो. मुलं त्याच्याकडचं भाजलेलं मांस विकत घेतात आणि निघतात. पुढे फ्रँकलिन तो सॉसेज चघळत बसतो. या प्रसंगात कुणी ओरडत नाही, संगीत इशारा देत नाही. पण संपूर्ण चित्रपट इथे रचला गेला आहे. हाच म्हातारा कोण आहे आणि तो काय विकतो, हे तासाभरानं कळतं तेव्हा हा प्रसंग आपल्या मनात पुन्हा घडतो आणि त्या सॉसेजनं पोटात ढवळून येतं. पेट्रोल नसणं ही इथे पटकथेची पळवाट नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अनेक पंपांवर तुटवडा होताच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखलं आणि पंपांवर रांगा लागल्या. १९७४ च्या ऑक्टोबरात चित्रपट आला तेव्हा प्रेक्षकांनी त्या रांगांमध्ये उभं राहून वर्षही झालं नव्हतं. हमरस्ता, गाडी आणि स्वस्त पेट्रोल यांवर उभं असलेलं स्वातंत्र्य एका रिकाम्या टाकीपाशी अडतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

पाचांपैकी कर्क आणि पॅम पोहायला म्हणून जवळच्या डोहाकडे जातात. डोह कोरडा पडला आहे. तिथे त्यांना जनरेटरचा आवाज ऐकू येतो. जनरेटर आहे म्हणजे पेट्रोल आहे, थोडं मागून घेऊ, बदल्यात काही ठेवू, असा कर्कचा सरळ हिशेब. एका टंचाईतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशी ही मुलं त्या घरापर्यंत ओढली जातात. त्यांनी कुठलं पाप केलेलं नाही, कुणाचा अपमान केलेला नाही. नंतरच्या स्लॅशर चित्रपटांनी मरणाऱ्यांना शिक्षा म्हणून मारायची सवय लावली. इथे मरण कुणाच्या वागणुकीचं फळ म्हणून येत नाही, आणि म्हणूनच ते जास्त छळतं.

कर्कच्या मृत्यूचं दृश्य या प्रकारच्या चित्रपटांतलं सर्वांत काटेकोर दृश्य आहे असं मी मानतो. तो जाळीच्या दारातून हाका मारतो. आत लांब, मंद उजेडाची मार्गिका. टोकाला एक चौकट आणि तिच्यापलीकडे तांबड्या भिंतीवर टांगलेल्या जनावरांच्या कवट्या. डुकरानं चित्कारावं तसा आवाज येतो. तो धावत आत जातो, उंबऱ्याशी अडखळतो, आणि चौकटीत एक प्रचंड माणूस उभा राहतो: चेहऱ्यावर कातड्याचा मुखवटा, अंगावर कसायाचा एप्रन. हातोड्याचा एक घाव. कर्क कोसळतो, पाय झाडतो. दुसरा घाव. तो माणूस त्याला आत ओढतो आणि धातूचं सरकतं दार धाडकन लावून घेतो. संपलं. हे सगळं काही सेकंदांत होतं, आणि घाव पडतो तेव्हा कॅमेरा बराच लांब, मार्गिकेतच थांबलेला असतो. आधी ताण वाढवणारं संगीत नाही, नंतर दुःखाला वेळ नाही. कसाईखान्यात जनावर असंच मरतं. मारणाऱ्याच्या मनात राग नाही, त्याचं ते काम आहे. दार लागल्यावर आपण त्या दाराबाहेर उरतो आणि एक खोल घरघर सुरू होते. आत काय चाललं आहे हे दाखवलं असतं तर आपण फक्त किळसलो असतो. दार लावल्यामुळे आपण घाबरतो.

लगेच पुढचा शॉट. पॅम बाहेर झोक्यावर बसून आहे. ती उठते आणि घराकडे चालू लागते. कॅमेरा जमिनीलगत आहे; तो झोक्याच्या फळीखालून सरकत तिच्या मागोमाग निघतो. तिची पाठ उघडी, चड्डी तांबडी, वर अफाट निळं आकाश, आणि समोरचं पांढरं घर प्रत्येक पावलागणिक वाढत वाढत आभाळ झाकून टाकतं. कुणालाही हेवा वाटावा असा हा शॉट आहे. त्याला पैसा लागला नाही. लागला तो वेळ आणि डोळा. घर तसं साधं आहे, अमेरिकी खेड्यातलं, व्हरांड्याचं. झोका आहे म्हणजे इथे कधीतरी मुलं खेळली असणार. पण एवढ्या खालून पाहिल्यामुळे ते घर पॅमला गिळायला उभं आहे असं वाटतं, आणि तिची ती उघडी पाठ आपल्या लक्षात राहते. पुढच्या काही मिनिटांत त्याच पाठीचं काय होणार आहे हे आपल्याला माहीत नसतं; दिग्दर्शकाला असतं.

आत पॅम एका खोलीत अडखळून पडते. जमिनीवर पिसांचा थर, हाडंच हाडं, हाडांचा केलेला सोफा, छोट्या पिंजऱ्यात कोंबलेली कोंबडी. कॅमेरा एकेका वस्तूवर थांबतो. भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले. एकाचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. दोन्ही अनेकदा शेजारी नांदतात, पण त्यांची गती उलटी असते. भीती वाटली की आपण पळतो, किळस आली की तोंड फिरवतो आणि तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत राहतो. हूपर यांनी हे दोन रस आळीपाळीनं वापरले आहेत. दाराच्या दृश्यात निव्वळ भय आहे. या खोलीत भय थांबतं आणि जुगुप्सा सावकाश भिनते. कलादिग्दर्शक रॉबर्ट बर्न्स यांनी ही खोली मेलेल्या जनावरांची खरी हाडं गोळा करून सजवली. इथे पैशाची जागा श्रमांनी घेतली आहे. कुणीतरी बसून हे सगळं निगुतीनं रचलं आहे, हे दिसतं. घर सजवण्याची हौस इथल्या माणसांनाही आहे, हे लक्षात येतं तेव्हा त्या खोलीकडे पाहवत नाही.

त्यानंतरचं दृश्य म्हणजे मांस टांगण्याचा आकडा. मुखवट्याचा माणूस, लेदरफेस, पॅमला उचलून आकड्यावर अडकवतो. लोक हमखास सांगतात की आकडा पाठीत घुसताना त्यांनी पाहिला. तो दाखवलेलाच नाही. आकडा दिसतो, तिला उचललेलं दिसतं, तिचा चेहरा दिसतो, पायाखाली ठेवलेलं भांडं दिसतं. उघडी पाठ आपण आधीच पाहून ठेवली आहे. उरलेलं काम आपलं मन करतं. हूपर यांना चित्रपटाला सौम्य प्रमाणपत्र मिळेल अशी खरोखर आशा होती, म्हणून त्यांनी रक्त आवरतं घेतलं. झालं उलटंच, न दाखवल्यामुळे परिणाम अधिक क्रूर झाला. ब्रिटनच्या परीक्षण मंडळानं १९७५ मध्ये प्रमाणपत्र नाकारलं, आणि कात्री नेमकी कुठे लावायची हा त्यांच्यापुढचा पेच होता, कारण आक्षेपार्ह असं जे होतं ते एका दृश्यात नव्हतं, सगळीकडे पसरलेलं होतं. शेवटी १९९९ मध्ये तो तिथे एकही काट न देता मान्य झाला.

तिसरा मुलगा, जेरी, शोधत येतो आणि मारला जातो. त्यानंतर एक छोटासा प्रसंग आहे. माझ्या मते संपूर्ण चित्रपटाचं मर्म तिथे आहे. लेदरफेस घाबरून घरभर पळतो, खिडकीचा पडदा बाजूला करून बाहेर पाहतो आणि मग खिडकीपाशी बसून डोकं धरतो. ही माणसं येताहेत तरी कुठून? आणखी किती येणार? त्याच्या घरात एका दुपारी तीन परके शिरले आहेत. त्याला बोलता येत नाही. मुखवट्यामागे फक्त डोळे आणि वेडेवाकडे दात हलताना दिसतात. आइसलँडमध्ये जन्मलेल्या गुनार हॅन्सन यांनी ही भूमिका केली. देहानं राक्षसी पण मनानं भेदरलेलं मूल, हे त्यांनी चालण्यातून, मान वाकवण्यातून, हातांच्या अस्वस्थ हालचालींतून उभं केलं. कपड्यांचा एकच जोड होता, दुसरा परवडत नव्हता. म्हणून तो चित्रणभर धुतलाच गेला नाही, आणि त्या वासानं इतर लोक जेवताना हॅन्सन यांच्यापासून लांब बसत. तेवढ्या एका प्रसंगात भय बाजू बदलतं. मारणाराही भीतीच्या आत आहे, हे समजल्यावर त्याच्याबद्दलची आपली भीती कमी होत नाही; ती अधिक गडद होते.

फ्रँकलिनबद्दल सहसा तुटकपणे लिहिलं जातं, कारण तो चिडका आणि रडका आहे. मला तो या चित्रपटातला सर्वांत धीटपणे लिहिलेला माणूस वाटतो. चित्रपटात अपंग माणूस आला की तो बहुधा सोशिक आणि गोड असतो. फ्रँकलिनला तशी सक्ती नाही. आजोबांच्या घरात इतर चौघं वरच्या मजल्यावर हसत-खिदळत फिरतात, तो खाली एकटाच ढिगाऱ्यातून चाकं ढकलत राहतो आणि त्यांची नक्कल करत, जीभ काढून, फुरफुर आवाज करत आपला राग काढतो. त्या दृश्यात विनोद नाही. आपल्याच आजोबांच्या घरात ज्याला जिना चढता येत नाही त्याचा तो राग आहे. पुढे अंधार पडतो. गाडीची किल्ली जेरीसोबत गेलेली. सॅली शोधायला निघते आणि बॅटरीवरून दोघांची झटापट होते. एकच बॅटरी आहे. ती जाणाऱ्याकडे असावी की थांबणाऱ्याकडे? भावंडांचं हे भांडण मला करवतीइतकंच भेदक वाटतं. शेवटी दोघंही निघतात. सॅली व्हीलचेअर झाडोऱ्यातून ढकलत राहते, बॅटरीचा तुटपुंजा झोत पुढे, आणि त्या झोतात अचानक लेदरफेस. करवतीनं होणारा एकमेव खून हाच, फ्रँकलिनचा.

मग सॅलीचा पाठलाग, आणि आवाज. चित्रपटाला रूढ अर्थाचं संगीत जवळजवळ नाहीच. हूपर आणि वेन बेल यांनी घासलेल्या, ठोकलेल्या, खरवडलेल्या वस्तूंच्या आवाजांतून जे रचलं ते ऐकताना पार्श्वसंगीत कुठे संपतं आणि घरातला आवाज कुठे सुरू होतो, हे कळत नाही. करवत सतत घुमते आणि तिच्यावर मेरिलिन बर्न्स यांची किंकाळी. जवळजवळ अर्धा तास ही अभिनेत्री ओरडते, पळते, पडते, रांगते. तिला संवाद फारसे नाहीत. पण किंकाळीतही चढउतार असतात, हे त्यांनी दाखवलं आहे: पहिली मदतीसाठी, नंतरची अविश्वासाची, पुढे विनवणीची, आणि शेवटी जिच्यात अर्थच उरलेला नाही अशी.

सॅली पळत पळत पंपावर पोहोचते. म्हातारा तिला आत घेतो, धीर देतो. ती भट्टीतल्या मांसाकडे पाहते, आणि काही न बोलता तिला संशय येतो. म्हातारा पोतं आणि दोरी घेऊन परततो. तिला गाडीत घालून तो निघतो आणि मध्येच थांबतो: पंपावरचे दिवे चालूच राहिले आहेत. तो परत जातो, दिवे बंद करतो, आणि हल्ली विजेचं बिल धंदा बुडवायला पुरेसं आहे, अशी तिच्यापाशी कुरकुर करतो. मग वाटभर काठीनं तिला टोचत राहतो आणि त्याच वेळी काळजी करू नको असंही सांगतो. घरी पोहोचल्यावर त्याचा संताप कशावर? लेदरफेसनं करवतीनं दार कापलं म्हणून. नवं दार कुठून आणायचं? जिम सिडो यांनी हा माणूस इतक्या खऱ्या काटकसरीनं रंगवला आहे की आपल्या नात्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्याची आठवण व्हावी. क्रूरतेला घरखर्चाची भाषा असू शकते, हे या चित्रपटाचं सर्वांत थंड निरीक्षण आहे.

हे कुटुंब असं का झालं, याचं उत्तर व्हॅनमध्ये भेटलेल्या, याच घरातल्या त्या विचित्र तरुणानं सुरुवातीलाच देऊन ठेवलेलं असतं. त्याचं घराणं कसाईखान्यात काम करत आलं. पूर्वी हातोड्यानं गुरं मारत. मग हवेच्या दाबाची बंदूक आली आणि लोकांची कामं गेली. हातोडाच बरा होता, असं तो अभिमानानं सांगतो. समीक्षक रॉबिन वुड यांनी या धाग्यावर बोट ठेवून हे कुटुंब बदलत्या उद्योगानं टाकून दिलेल्या कामगारांचं आहे, असं वाचन केलं. ते मला पटतं. शहरातून आलेल्या मुलांना ग्रामीण गरीब माणूस राक्षसासारखा दिसावा, हा या चित्रपटप्रकाराचा मूळ दोष आहे, आणि हूपर त्यातून पूर्णपणे सुटत नाहीत. पण निदान त्यांनी राक्षसाला व्यवसाय दिला, तो व्यवसाय कसा बुडाला ते सांगितलं. कौशल्य शिल्लक आहे, मारायला जनावर उरलं नाही. आता दारी येईल ते जनावर.

जेवणाच्या टेबलाचा प्रसंग सहन करणं कठीण आहे. तो चित्रित करणंही तसंच होतं. या मारेकरी कुटुंबातल्या आजोबांच्या भूमिकेतल्या जॉन डुगन यांची रंगभूषा इतकी वेळखाऊ होती की पुन्हा ती न करण्यासाठी सगळं एकाच दमात उरकायचं ठरलं. रात्र दाखवायची म्हणून खिडक्या झाकलेल्या, आत दिव्यांचा उकाडा, टेबलावर सडत चाललेलं मांस आणि हाडं. काम चोवीस तासांहून जास्त सलग चाललं. सॅलीचं बोट कापून म्हाताऱ्या आजोबांना रक्त चोखायला देण्याच्या दृश्यात नकली रक्ताची नळी चालेना, तेव्हा मेरिलिन बर्न्स यांचं बोट खरंच कापलं गेलं. हे मी कौतुकानं सांगत नाही. कुठल्याही कलाकृतीसाठी माणसाला अशी इजा होऊ नये. पडद्यावर जो थकवा दिसतो तो खरा आहे, एवढंच त्यातून कळतं. हूपर इथे सॅलीच्या डोळ्यांवर कॅमेरा नेतात, इतका जवळ की बुबुळाभोवतीच्या लाल शिरा पडदाभर पसरतात. दिवसभर उन्हातले अफाट लांबचे शॉट पाहिलेल्या आपल्या नजरेला आता जागाच उरत नाही. बाकीचे तिच्या किंकाळ्यांची नक्कल करून हसतात. मग तिला मारण्याचा मान आजोबांना दिला जातो, कारण एके काळी त्यांच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. हातोडा त्यांच्या हातातून पुन्हा पुन्हा निसटतो. एका घराण्याचं कसब, त्याची आठवण आणि त्याचं दिवाळं, तिन्ही त्या निसटणाऱ्या हातोड्यात आहेत. करुण रसाची छटा या ठिकाणी येते आणि तिची आपल्याला लाज वाटते, हे विलक्षण आहे.

सॅली खिडकीतून उडी मारते. बाहेर उजाडलेलं असतं. एका ट्रकखाली व्हॅनमधला तो तरुण चिरडला जातो. ट्रकचालकानं फेकून मारलेल्या पान्ह्यानं लेदरफेस पडतो आणि त्याचीच करवत त्याच्या मांडीत शिरते. एक पिकअप थांबते, सॅली मागे चढते. रक्तानं माखलेली ती मागे पाहते आणि हसू लागते. त्या हसण्यात सुटका आहे, पण शहाणपण तिकडेच राहिलं आहे. पिकअप लांब जाते, आणि उगवत्या सूर्यासमोर लेदरफेस करवत गरगरा फिरवत राहतो. त्याला हवं ते हातून गेलं आहे. त्याचा आवेग मात्र शिल्लक आहे.

या चित्रपटानं एक वाट पाडली. वेस क्रेव्हन यांच्या ‘द हिल्स हॅव आइज’ (१९७७) मध्ये एका कुटुंबाची गाडी वाळवंटात अडकते. डेव्हिड श्मोलर यांच्या ‘टूरिस्ट ट्रॅप’ (१९७९) मध्ये रस्त्यात अडलेली मुलं पुतळ्यांच्या संग्रहालयात शिरतात. दोन्हींचं कलादिग्दर्शन त्याच रॉबर्ट बर्न्स यांचं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेग मॅक्लीन यांच्या ‘वुल्फ क्रीक’ (२००५) मध्ये उल्केच्या विवरापाशी गाडी सुरू होत नाही आणि मदतीला एक हसतमुख माणूस येतो. त्या हसतमुखपणात पंपावरच्या म्हाताऱ्याचा वारसा स्पष्ट दिसतो. या तिन्ही चित्रपटांत मुलूख बोलतो, ही त्यांची खरी कमाई.

२००३ मध्ये मार्कस निस्पेल यांनी मूळ चित्रपट नव्यानं केला, आणि छायाचित्रकार पुन्हा डॅनिएल पर्लच होते. यासारखी तुलनेची संधी क्वचितच मिळते. नव्या चित्रपटात पैसा आहे, गडद देखणा प्रकाश आहे. सुरुवातीलाच व्हॅनमधली एक मुलगी स्वतःवर गोळी झाडते, आणि कॅमेरा मागे सरकत तिच्या डोक्याला पडलेल्या भोकातून आणि काचेतल्या भोकातून बाहेर निघतो. कसब वाखाणण्यासारखं आहे. पण १९७४ मध्ये त्याच छायाचित्रकाराचा कॅमेरा एका झोक्याखालून गेला होता आणि एका जिवंत मुलीच्या मागे चालला होता. एक शॉट आपल्याला जखमेच्या आरपार नेतो. दुसरा जखम व्हायच्या आधी तिच्याकडे पाहायला लावतो. दुसऱ्यात ती मुलगी माणूस म्हणून उरते.

पैसा कमी असला की चित्रपट आपोआप खरा होतो, असं मुळीच नाही. टंचाई झाकायची धडपड करणारे स्वस्त भयपट पुष्कळ आहेत, आणि ते केविलवाणे दिसतात. हूपर आणि त्यांच्या सोबत्यांनी टंचाई झाकली नाही. तिलाच गोष्टीत बसवलं, तिच्यातून माणसं घडवली. नफ्याचा मोठा वाटा त्यांच्या हाती कधी आलाच नाही, तरी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं हा चित्रपट आपल्या कायम संग्रहात घेतला, आणि तो तिथे शोभतो. हाताशी फारसं काही नसताना पहिला चित्रपट करायला निघालेल्या प्रत्येकानं तो पाहावा, आणि करवतीची दृश्यं बाजूला ठेवून पंपावरची ती चार मिनिटं आधी अभ्यासावी. एक म्हातारा, एक व्हॅन, एक रिकामी टाकी आणि खरं ऊन, एवढ्या भांडवलावर भय उभं राहतं. अट एकच, त्या म्हाताऱ्याचं घर कसं चालतं हे दिग्दर्शकाला ठाऊक असलं पाहिजे.